हाकेच्या अंतरावर

गेल्या वर्षी पावसाळा तोंडावर आला होता तेव्हाची गोष्ट. सकाळचे साडेदहा वाजले असतील. बोईसरच्या आमच्या पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत मी पेपर चाळत बसलो होतो. सौ. भाजी आणायला गेली होती. इतक्यात फोन वाजला. पुण्याहून लेकीचा होता. मी तो घेतला आणि ‘हॅलो, हॅलो’ करीत राहिलो. पण पलीकडून चकार शब्द ऐकू येईना. रेंज गेली असेल म्हणून उठून कठड्याशी गेलो. खाली शेजाऱ्यांच्या मुलाने नुकतीच आपली गाडी सुरू केली होती. काचा उघड्या होत्या आणि त्या गाडीच्या आतून, चांगल्या खणखणीत आवाजात, माझी मुलगी बोलत होती : ‘‘बाबा, आईच्या गाठीचा रिपोर्ट आलाय. ऑपरेशन करावं लागेल म्हणतात. तुम्ही आईला इतक्यात काही बोलू नका. मी शनिवारी येते, मग आपण दोघं मिळून सांगू.’’

गाडीच्या शेजारी, हातात भाजीची पिशवी घेऊन, सौ. उभी होती.

झाले होते ते असे. चैत्रात आम्ही सगळे याच गाडीतून डहाणूजवळ महालक्ष्मीच्या यात्रेला गेलो होतो. वाटेत अभंग ऐकायचे म्हणून नातीने माझा फोन गाडीतल्या यंत्राला ‘ब्लूटूथ’ने जोडून दिला. यात्रा झाली, प्रसाद वाटून झाला, आम्ही ते विसरून गेलो. फोन विसरला नव्हता. गाडीही विसरली नव्हती. त्या दिवशी मुलाने चावी फिरवली आणि पंचवीस-तीस फुटांवर, पहिल्या मजल्यावर असलेल्या माझ्या फोनला गाडीने ओळख दाखवली. मी फोन घेतला तो गाडीत वाजला. बिचारा मुलगा गोंधळून ‘हं, हं’ म्हणाला आणि मुलीला वाटले, बाबाच बोलताहेत.

यात कोणी चोर नव्हता, कोणी लबाडी केली नव्हती. यंत्रांनी आम्हीच दिलेली आज्ञा निमूटपणे पाळली होती. तरीही घरातली सर्वांत नाजूक गोष्ट, जी आम्ही बाप-लेक चार दिवस सांभाळून ठेवणार होतो, ती भर अंगणात सांगितली गेली. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंट विभागात मी उभी हयात काढली. मापनयंत्रे, तारा, संदेश हे माझ्या पोटापाण्याचे विषय. म्हणून या गोष्टीची मला दुप्पट लाज वाटली. त्यानंतर या ‘जवळच्या’ बिनतारी जोडण्यांविषयी मिळेल ते वाचले. आज घराघरात अशी पाच-दहा यंत्रे असताना ते आपल्यासारख्या कुटुंबवत्सल वाचकांपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू.

वर्तुळात राहणारी माणसे

बोईसर-तारापूरच्या माणसाला अंतराचा हिशोब नवा नाही. २८ ऑक्टोबर १९६९ रोजी तारापूरच्या अणुविद्युत केंद्राच्या पहिल्या दोन संचांनी व्यापारी तत्त्वावर वीज द्यायला सुरुवात केली, तेव्हापासून हा परिसर वर्तुळांत राहतो. केंद्राभोवती साधारण दीड किलोमीटरच्या आत वस्ती करता येत नाही. त्याबाहेर पाच किलोमीटरपर्यंत वाढीवर बंधने. आणि सोळा किलोमीटरच्या मोठ्या वर्तुळासाठी आणीबाणीचे नियोजन केलेले असते. आमचे बोईसर त्या मोठ्या वर्तुळात येते. तिसऱ्या-चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. अंतर हा शब्द नकाशावर किती सोपा आणि माणसाच्या आयुष्यात किती जड असतो, हे त्या गावकऱ्यांना विचारावे.

कारखान्यातही तेच. द्रावणे साठवायच्या भागात जाण्याआधी आमचे मोबाइल फाटकावर जमा होत. ज्वालाग्राही वाफा असतील तिथे साधे विजेचे उपकरण न्यायचे नाही, हा नियम. त्या फळीवर ओळीने मांडलेले फोन पाहून मला देवळाबाहेरच्या चपलांची आठवण येई. सांगायचे एवढेच, की धोका किती अंतरापर्यंत पोहोचतो आणि कुंपण कुठे घालायचे, याचे शिक्षण आम्हाला आयते मिळाले आहे. तेच शिक्षण खिशातल्या फोनला लावायचे मात्र आम्हाला सुचले नाही.

खरे तर या फोनभोवतीही वर्तुळेच आहेत. सर्वांत आतले वर्तुळ चार-पाच सेंटिमीटरचे. कार्ड किंवा फोन यंत्रावर टेकवून पैसे देतो, ते हे. त्याबाहेर साधारण दहा मीटरचे ब्लूटूथचे. कानातली बोंडे, मनगटावरचे घड्याळ, गाडी, गाण्याचा डबा ही सगळी मंडळी याच वर्तुळातली. आणखी बाहेर घरातल्या वाय-फायचे, जे भिंत ओलांडून जिन्यापर्यंत आणि कधी रस्त्यापर्यंतही जाते. फोनच्या मनोऱ्याचे वर्तुळ किलोमीटरांचे. त्याची गोष्ट वेगळी. आपल्याला भीती वाटते ती त्या दूरच्या वर्तुळाची. कोणीतरी परमुलखातला भामटा फोन करतो आणि बँकेचा आकडा विचारतो, याबद्दल आपण सावध झालो आहोत. हाकेच्या अंतरावरचे काय?

घंटेपासून हॅरल्डपर्यंत

बिनतारी संदेशाचा जन्मच मुळी जवळच्या अंतरावर झाला. १८९५ साली कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी अदृश्य लहरी भिंतींपलीकडे पाठवून सुमारे ७५ फुटांवरची घंटा वाजवून दाखवली. पुढे मार्कोनीने त्या लहरी समुद्रापार नेल्या आणि जगाचे सारे लक्ष लांब पल्ल्याकडे लागले. जवळच्या पल्ल्याची आठवण व्हायला शंभर वर्षे जावी लागली. १९९४ साली स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत फोन आणि कानातला ध्वनिग्राहक यांच्यामधली तार काढून टाकायचे काम सुरू झाले. याप हार्टसेन हा डच अभियंता त्यातला प्रमुख. १९९८ मध्ये अनेक कंपन्यांनी मिळून त्यासाठी मंडळ स्थापले आणि नाव दिले ते दहाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या राजाचे. हॅरल्ड ब्लूटूथ, म्हणजे ‘निळ्या दाताचा हॅरल्ड’. त्याने विखुरलेल्या टोळ्या एका सत्तेखाली आणल्या, तशी ही पद्धत वेगवेगळी यंत्रे एकत्र आणील, ही कल्पना. फोनच्या कोपऱ्यात दिसणारी ती निळी खूण म्हणजे त्याच्याच नावातल्या दोन आद्याक्षरांची प्राचीन लिपीतली जोडणी होय.

या लहरी सेकंदाला सुमारे २४० कोटी वेळा कंपन पावतात. स्वयंपाकघरातली मायक्रोवेव्ह भट्टीही याच पट्ट्यात चालते. वाय-फायचाही मोठा भाग इथेच. आपल्याकडे २००५ साली हा पट्टा परवानामुक्त झाला. ज्यांनी एके काळी रेडिओचे लायसन्स पोस्टात जाऊन नवे करून घेतले आहे, त्यांना या वाक्याचे महत्त्व सांगायला नको. परवाना नाही म्हणजे गर्दी आली. त्या गर्दीत आपले बोलणे दुसऱ्याशी धडकू नये म्हणून मूळच्या ब्लूटूथने युक्ती योजली. बोलणे एका वाटेने न नेता, ७९ वाटांवर सेकंदाला १६०० उड्या मारत न्यायचे. उड्यांचा क्रम दोन्ही यंत्रांना ठाऊक असतो. अशा उड्यांच्या एका कल्पनेचे पेटंट १९४२ साली हेडी लमार या हॉलिवूडच्या नटीला आणि जॉर्ज अँथाइल या संगीतकाराला मिळाले होते, हे वाचून मी तर थक्कच झालो. त्यांना त्या वेळी पाणतीराचे नियंत्रण शत्रूच्या हाती पडू द्यायचे नव्हते.

अंतर म्हणजे भिंत नव्हे

आता मुख्य प्रश्न. दहा मीटर म्हणजे नेमके काय? दहाव्या मीटरवर लहरी दारात थांबलेल्या पाहुण्यासारख्या थबकतात काय?

मुळीच नाही. लहर पुढे जातच राहते, फक्त क्षीण होत जाते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की तिचा जोर चौथाईवर येतो. फोनमधल्या ब्लूटूथची शक्ती रूढ मोजमापाने अडीच मिलिवॉट, म्हणजे एका वॉटचा चारशेवा भाग. एवढ्या शक्तीचा आवाज साध्या यंत्राला दहा मीटरपर्यंत नीट ऐकू येतो, इतकाच त्या आकड्याचा अर्थ. याच पद्धतीत एक मिलिवॉटचा, मीटरभर पोहोचणारा वर्ग आहे आणि शंभर मिलिवॉटचा, शंभर मीटर पोहोचणाराही आहे. २०१६ नंतरच्या पाचव्या आवृत्तीत तर उघड्या मैदानावर शेकडो मीटर जाण्याची सोय झाली.

दुसरी बाजू ऐकणाऱ्याची. आपण कुजबुजतो तेव्हा शेजारच्याला ऐकू येत नाही; पण कोणी नळी लावून कान दिला तर? २००४ साली अमेरिकेत काही तरुणांनी बंदुकीच्या दस्त्यावर मोठा अँटेना बसवला आणि सुमारे पावणेदोन किलोमीटरवरच्या मोबाइलशी ब्लूटूथने संपर्क साधून दाखवला. फोन तोच, त्याची शक्ती तीच. वाढला होता तो ऐकणाऱ्याचा कान. म्हणून ‘दहा मीटरच तर आहे’ हे समाधान पुरेसे नाही.

उलट कधी कधी दोन हातांवरही लहर पोहोचत नाही. डाव्या बाजूच्या मागच्या खिशात फोन आणि उजव्या कानात बोंड घालून चालून पाहा. गाणे अडखळेल. आपल्या देहात पाणी फार आणि पाणी या लहरी पिऊन टाकते. पत्र्याच्या भिंतीवरून त्या परततात, सिमेंटच्या भिंतीतून अशक्त होऊन निघतात, उघड्या खिडकीतून मात्र बिनदिक्कत जातात. आमच्या गॅलरीला आणि शेजाऱ्याच्या गाडीला काचाच उघड्या होत्या!

भिंतीचा हा घोळ आपण मोठ्या प्रमाणावर एकदा अनुभवला आहे. २ एप्रिल २०२० रोजी, करोनाच्या टाळेबंदीत, केंद्र सरकारने ‘आरोग्य सेतु’ आणले. दोन फोन जवळ आले की ब्लूटूथने त्याची नोंद व्हायची आणि पुढे एकाला बाधा झाली की दुसऱ्याला सूचना. मे महिन्याच्या आरंभी कामावर येणाऱ्यांना ते सक्तीचे झाले, नंतर सक्ती सैल झाली. आमच्या औद्योगिक वसाहतीच्या आसपास कामगारांच्या चाळी आहेत. एका खोलीत पाच-सहा जण, मधली भिंत एका विटेची. ब्लूटूथला जोर कळतो, भिंत कळत नाही. भिंतीच्या दोन बाजूंना निजलेले दोन अनोळखी कामगार त्याच्या लेखी एकमेकांना खेटून असलेले असू शकत. आणि गर्दीत खिशातल्या फोनवर देहाची आड आली, तर खरोखर खेटून असलेले दोघे दूरचे ठरू शकत. यंत्र अंतर मोजत नाही, अंतराचा अंदाज बांधते. हा फरक ध्यानात ठेवला तर पुष्कळ गैरसमज टळतील.

ओळख एकदाची, नाते कायमचे

मग सुरक्षा कशावर उभी आहे? ओळखीवर. दोन यंत्रे प्रथम भेटतात तेव्हा ती आपसात एक गुप्त किल्ली ठरवतात आणि जपून ठेवतात. पुढचे बोलणे त्या किल्लीने कुलूपबंद होते. जुन्या काळी ही ओळख चार आकड्यांनी होई आणि बहुतेक यंत्रांत ते आकडे चार शून्ये असत. म्हणजे कुलूप लावून किल्ली दारातच टांगलेली. २००७ नंतर पद्धत सुधारली. दोन्ही पडद्यांवर सहा आकडे येतात, ते सारखे आहेत ना हे माणसाने पाहायचे आणि होकार द्यायचा. पण गाण्याच्या डब्याला पडदा कुठला? तिथे यंत्रे नुसती ‘चालेल’ म्हणून एकमेकांच्या गळ्यात पडतात. म्हणून तर शेजारच्या घरातले लग्नगीत अचानक आपल्या डब्यातून वाजू लागते.

या ओळखीचा गैरफायदा पूर्वीपासून घेतला गेला आहे. २००४ मध्ये ‘कॅबिर’ नावाचा किडा मोबाइलमधून मोबाइलमध्ये ब्लूटूथने शिरू लागला. तो आधी परवानगी मागे. आपण ‘नाही’ म्हटले की पुन्हा मागे, पुन्हा मागे, शेवटी माणूस कंटाळून ‘हो’ म्हणे. २००५ साली हेलसिंकीला जागतिक मैदानी स्पर्धांच्या वेळी स्टेडियमच्या गर्दीत तो असाच पसरला. २०१७ मध्ये ‘ब्लूबॉर्न’ नावाच्या उणिवा उघड झाल्या. त्यात तर परवानगी मागायचीही गरज नव्हती, ब्लूटूथ चालू असले की पुरे. २०१९ मध्ये संशोधकांनी दाखवले, की दोन यंत्रांच्या मधे शिरून त्यांना फारच आखूड किल्ली ठरवायला भाग पाडता येते. इतकी आखूड, की २५६ प्रयत्नांत ती सापडावी. प्रत्येक वेळी उपाय निघाला आणि तो फोनच्या ‘अपडेट’मधून घराघरात पोहोचला.

इथे खरी गोम आहे. उपाय पोहोचतो तो नव्या फोनपर्यंत. आमच्या बोईसरच्या बाजारात हातबदलीचे फोन घेणारा मोठा वर्ग आहे. गावाकडून आलेला मुलगा पहिल्या पगारात असा फोन घेतो. त्या फोनला कंपनीने अपडेट देणे कधीच थांबवलेले असते. म्हणजे सुरक्षितता हीसुद्धा खिशाप्रमाणे वाटली जाते. ज्याच्या बँकेत थोडे, त्याच्याच फोनचे दार उघडे. फोन विकताना त्याला अपडेट किती वर्षे मिळणार, हे खोक्यावर ठळक अक्षरांत छापणे बंधनकारक का असू नये? बिस्किटाच्या पुड्यावर मुदत लिहावी लागते, मग यावर का नाही?

लोकलच्या डब्यात

एप्रिल २०१३ मध्ये लोकल विरारच्या पुढे डहाणूपर्यंत आली आणि पुढच्याच वर्षी, १ ऑगस्ट २०१४ रोजी, पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. आता पालघर-बोईसरची हजारो माणसे रोज दोन-दोन तास डब्यात एकमेकांना चिकटून प्रवास करतात. ब्लूटूथच्या वर्तुळात इतकी परकी माणसे आणखी कुठे भेटणार? पूर्वी याच गर्दीत ‘तुझं ब्लूटूथ चालू कर’ म्हणत गाणी हातोहात फिरत. ते दिवस गेले. पण फाइल पाठवायची सोय आहेच. फोनमध्ये ती ‘सर्वांसाठी’ उघडी ठेवली, तर महिलांच्या डब्याशेजारून कोणी निर्लज्ज माणूस नको ते चित्र मुलीच्या पडद्यावर धाडू शकतो. जगभर हे प्रकार झाले. म्हणून आता आयफोनमध्ये ‘सर्वांसाठी’ची मुदत दहा मिनिटांवर आणली आहे. आपल्या मुलींना लाज बाळगायला शिकवण्यापेक्षा ही खिडकी ‘फक्त ओळखीच्यांसाठी’ ठेवायला शिकवावे, हे बरे.

फोनचे नावही पाहा. पुष्कळांच्या फोनला त्यांचे स्वतःचे नाव असते आणि ते आजूबाजूच्या फोनांवर झळकते. मुलीचे नाव अनोळखी माणसाला आयते कशाला द्यायचे? दुसरे म्हणजे हरवलेल्या वस्तू शोधण्यासाठी २०२१ पासून बाजारात आलेले नाण्याएवढे खुणेचे यंत्र. किल्लीला लावले तर वरदान; पण कोणी ते मुलीच्या पर्समध्ये किंवा स्कूटरच्या सीटखाली लपवले तर तिचा माग काढता येतो. मे २०२४ पासून अॅपल आणि गूगल या दोघांनी मिळून अशी सोय केली, की परके यंत्र आपल्याबरोबर फिरत राहिले तर फोन इशारा देतो. असा इशारा आला तर तो झटकून टाकू नका. घरच्यांना सांगा, गरज पडली तर पोलिसांत जा.

पैशाच्या वर्तुळाबद्दल मात्र थोडा धीर देतो. गर्दीत कोणी यंत्र घेऊन आपल्या खिशाजवळून जातो आणि कार्डातले पैसे उडवतो, अशी चित्रफीत आपल्यालाही कोणी पाठवली असेल. ही जोडणी चार-पाच सेंटिमीटरच्या आतच नीट चालते, दुकानदाराचे यंत्र बँकेच्या खात्याला बांधलेले असते आणि त्या खात्याचा माग लागतो. जानेवारी २०२१ पासून पिनशिवाय एका वेळी ५००० रुपयांपर्यंतच व्यवहार होतो. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने ही सोय बंद-चालू करण्याचा हक्कही कार्डधारकाला मिळाला आहे. ज्यांना ती लागत नाही, त्यांनी बंद ठेवावी आणि शांत झोपावे.

भीतीचेही अंतर असते

कारण भीतीलाही पल्ला असतो आणि तो लहरींपेक्षा लांब जातो. डिसेंबर २०१७ मध्ये गुजरात विधानसभेच्या मतदानाच्या वेळी पोरबंदरला ओरड झाली, की मतदानयंत्र ब्लूटूथने जोडले आहे. फोनच्या यादीत ‘इको १०५’ असे नाव दिसते आहे. निवडणूक आयोगाने चौकशी केली तेव्हा ते एका मतदान प्रतिनिधीच्या फोनचे नाव निघाले. शंका घेणे हा नागरिकाचा हक्क आहे. पण यादीत दिसणारे नाव म्हणजे फक्त ‘मी इथे आसपास आहे’ एवढीच घोषणा असते. ते कोणाशी जोडलेले आहे, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

उलट जिथे भीती बाळगायला हवी होती, तिथे आपण उशिरा जागे झालो. २०२१ मध्ये राजस्थानात शिक्षक भरतीच्या परीक्षेत चपलेच्या तळव्यात ब्लूटूथ बसवलेले उमेदवार पकडले गेले. २०२३ मध्ये मुंबई पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत कानात अतिसूक्ष्म यंत्रे सापडली. त्यात ब्लूटूथचे काम तळपायापासून कानापर्यंतचे, चार-पाच फुटांचे. बाकीचा लांबचा प्रवास फोनच्या जाळ्यातून. पण त्या चार-पाच फुटांनी रात्र-रात्र जागून अभ्यास केलेल्या मुलाची जागा हिरावली जाते. आमच्या जिल्ह्यातल्या पाड्यापाड्यांतून भरतीच्या परीक्षेला बसणारी मुले मी पाहिली आहेत. पहाटे मैदानावर धावणारी. त्यांचे नुकसान कोणत्या वर्तुळात मोजायचे?

दिवेलागणीची सवय

मग करायचे काय? फोन फेकून द्यायचा नाही. माझ्या बहिऱ्या मेव्हण्याच्या कानातले यंत्र ब्लूटूथने फोनला जोडले तेव्हा त्याने बारा वर्षांनी भावाशी नीट गप्पा मारल्या. या सोयीचे उपकार मी नाकारणार नाही.

पण आपल्या घरात दिवेलागणीला मागचे दार लावायची सवय असते, तशी एखादी सवय हवी. महिन्यातून एकदा रविवारी फोनमधली जोडलेल्या यंत्रांची यादी उघडावी आणि नको ती नावे ‘विसर’ म्हणून पुसून टाकावीत. मी पहिल्यांदा यादी उघडली तेव्हा सोळा नावे निघाली. त्यात दोन भाड्याच्या गाड्या होत्या आणि एका मंगल कार्यालयातला ध्वनिवर्धक. गाडीत फोन जोडताना ती आपली नंबरांची वही मागते. गाणी ऐकायला ती वही लागत नाही, नकार द्यावा. गाडी विकताना किंवा परत करताना तिच्या पोटातली आपली नावे काढून टाकावीत. ओळख करून देण्याचा विधी गर्दीत न करता घरी करावा, सहा आकडे डोळ्यांनी ताडून पाहावेत. आपण न मागितलेली जोडणी आली तर दहा वेळा आली तरी ‘नाही’च म्हणावे. हॉटस्पॉटचा पासवर्ड एक ते आठ आकडे असा ठेवू नये. आणि अपडेट आले की ‘नंतर’ म्हणू नये.

सरकारकडूनही अपेक्षा आहे. पण तिची मर्यादा ओळखून. २०२३ साली आपल्याकडे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. मात्र एखाद्या व्यक्तीने खासगी किंवा घरगुती कारणासाठी वापरलेली माहिती त्यातून वगळली आहे. ते योग्यच आहे. शेजाऱ्याच्या गाडीत काय ऐकू आले, याचा न्याय करायला कायदा आमच्या अंगणात येणार नाही. यंत्र बनवणाऱ्यांना मात्र एवढे सांगता येईल, की महिनोन्महिने न भेटलेल्या दोन यंत्रांनी पुन्हा गळ्यात पडण्याआधी एकदा माणसाला विचारावे.

अंगणातला न्याय अंगणातच होतो. त्या दिवशी संध्याकाळी शेजाऱ्यांचा मुलगा वर आला. दारातच उभा राहून, जमिनीकडे बघत म्हणाला, ‘‘काका, मी काहीच ऐकलं नाही हं.’’ इतके उघड खोटे आणि इतके सज्जन वाक्य मी फार दिवसांत ऐकले नव्हते. त्याने ते कोणाजवळही बोलून दाखवले नाही. कोणत्याही किल्लीपेक्षा ते कुलूप मजबूत होते.

आणि सौ.? सकाळी ती जिना चढून वर आली, पिशवी ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, ‘‘अहो, शनिवारपर्यंत तुम्हाला जेवण तरी गेलं असतं का?’’ मी काही बोलू शकलो नाही.

ऑपरेशनसाठी मुंबईला निघालो ते पहाटे चार वाजता, त्याच गाडीतून. आता तिची प्रकृती ठीक आहे, तपासण्या चालू असतात. त्या पहाटे गाडी सुरू होताच पडद्यावर माझ्या फोनचे नाव आले. मुलगा ओशाळून ते पुसायला निघाला, तशी मागच्या सीटवरून ती म्हणाली, ‘‘राहू दे रे. आता लपवायचं काय राहिलंय? एखादा अभंग लाव.’’

मनोरचा घाट लागेपर्यंत आम्ही ऐकत होतो. नाव मात्र मी नंतर, मुंबईला पोहोचल्यावर, तिच्या नकळत पुसून टाकले.